स्पंद पोहोचवणे : पोकळ तंतूतील प्रकाश आणि आपली परिभाषा

पुढील वाक्य पाहा : ‘पोकळ कोर ऑप्टिकल फायबरद्वारे अतिलघु लेसर नाडींचे वितरण कमी विखुरणासह साध्य केले जाते.’ अनुवादाच्या अभ्यासपत्रिकेत विज्ञानाचा उतारा दिला की पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून साधारण या वळणाची वाक्ये येतात. व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही. शब्द कोशात सापडणारे आहेत. नाडीच्या जागी डाळी आल्या नाहीत, हेही नशीबच म्हणायचे. तरीही हे वाक्य विषय न जाणणाऱ्याला काही सांगत नाही आणि जाणणाऱ्याला चुकीचे सांगते. ते कुठे कुठे चुकते हे शोधायचे तर आधी विषयच समजून घ्यावा लागतो. शब्द नंतर.

साहित्याच्या माणसाने या विषयात का शिरावे, असे कोणी विचारील. माझे उत्तर भौगोलिक आहे. मी इंदुरात मराठी शिकवतो. लेसर आणि कणत्वरक यांवर संशोधन करणारे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र याच शहरात आहे. गावात त्याला सगळे ‘कॅट’ म्हणतात. तेथे काम करणारी मराठी माणसे आमच्या गणेशोत्सवात असतात, व्याख्यानमालांना येतात, ज्ञानेश्वरीवर उत्तम बोलतात. स्वतःच्या कामाविषयी मात्र ती हिंदीत किंवा इंग्रजीत बोलतात. ‘मराठीत सांगा’ म्हटले की जरा संकोचतात. त्या संकोचाचे कारण मराठी दुबळी आहे हे नाही. कोणता शब्द कोणत्या अर्थाने घ्यावा, याविषयी महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा सर्वांचीच गल्लत झाली आहे, हे आहे. या लेखात एकच उदाहरण घेऊन ती गल्लत दाखवतो.

प्रथम स्पंद. लेसरचा प्रकाश अखंड झोतासारखा सोडता येतो, तसा तुटक, थेंबाथेंबानेही सोडता येतो. या प्रत्येक थेंबाला स्पंद म्हणायचे. अतिलघु स्पंदांचा काळ फेम्टोसेकंदांत मोजतात. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा एकावर पंधरा शून्ये इतका अंश. एका सेकंदाचे ३ कोटी १७ लाख वर्षांशी जे प्रमाण, तेच फेम्टोसेकंदाचे सेकंदाशी. प्रकाश सेकंदात ३ लाख किलोमीटर जातो; १०० फेम्टोसेकंदांत तो जेमतेम ३० मायक्रोमीटर सरकतो. म्हणजे १०० फेम्टोसेकंदांचा स्पंद हवेतून जाताना लांबीला ३० मायक्रोमीटर असतो, आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. प्रकाशाची एक पातळशी चकती पुढे जात आहे अशी कल्पना करावी.

या चकतीत ऊर्जा फार नसते, पण ती इतक्या कमी काळात कोंबलेली असते की शक्तीचा आकडा अफाट होतो. एक मायक्रोज्यूल ऊर्जा १०० फेम्टोसेकंदांत दिली तर त्या क्षणाची शक्ती एक कोटी वॅट भरते. त्यामुळे हा स्पंद पदार्थावर पडला की उष्णता आजूबाजूला पसरण्याच्या आत तेवढा कण उडून जातो. कडेचा भाग भाजत नाही. डोळ्याच्या पारपटलावरील शस्त्रक्रिया आणि काचेत वा धातूत केलेली सूक्ष्म छिद्रे ही याच गुणाची फळे. अहमद झेवैल यांना १९९९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते अशाच स्पंदांनी रासायनिक बंध तुटताना टिपल्याबद्दल.

आता ज्यावर पुढचे सगळे अवलंबून आहे ती गोष्ट. स्पंद जितका छोटा, तितके त्यात रंग जास्त. लेसर म्हणजे एकच शुद्ध रंग असे आपण शाळेत शिकलो, ते अखंड झोताबद्दल ठीक आहे. पण प्रकाश एका क्षणी उगवून लगेच मावळावा असे वाटत असेल तर अनेक तरंगलांब्या एकत्र याव्या लागतात. त्या एकाच क्षणी एकमेकींना बळ देतात आणि आधी-नंतर एकमेकींना पुसून टाकतात. ८०० नॅनोमीटरच्या आसपासच्या १०० फेम्टोसेकंदांच्या स्पंदाला सुमारे ९ नॅनोमीटर रुंदीचा पट्टा लागतो. १० फेम्टोसेकंदांच्या स्पंदाला दसपट, ९० हून अधिक. (हा प्रकाश अवरक्ताच्या सीमेवरचा, डोळ्यांना जेमतेम जाणवणारा, ‘रंग’ हा शब्द सोयीने वापरतो आहे.) हे सगळे रंग बरोबर चालत आहेत तोवरच स्पंद छोटा राहतो.

काचेत ते बरोबर चालत नाहीत. काचेचा अपवर्तनांक प्रत्येक रंगाला वेगळा असल्यामुळे या पट्ट्यात तांबड्याकडचे रंग पुढे सटकतात, निळ्याकडचे मागे रेंगाळतात. १०० फेम्टोसेकंदांचा स्पंद एक मीटर शुद्ध सिलिका-काचेतून नेला तर बाहेर पडताना तो जवळजवळ १००० फेम्टोसेकंदांचा झालेला असतो. ऊर्जा तीच, काळ दसपट, म्हणून शक्ती एक-दशांश. दिंडी निघाली एकत्र, पण चपळ वारकरी फलटणला पोहोचले आणि थकलेले अजून लोणंदला, अशी गत. कोणी हरवलेले नाही. दिंडी मात्र दिंडी राहिली नाही.

‘कोणी हरवलेले नाही’ हे मुद्दाम लिहिले, कारण आपल्या नमुना-वाक्यातील ‘विखुरण’ येथेच फसते. काच प्रकाशाला दोन वेगळ्या रीतींनी त्रास देते. एक आत्ता सांगितली : रंगांच्या गतीतील फरकामुळे स्पंद ताणला जातो. दुसरी अशी की, काचेच्या रचनेतील अतिसूक्ष्म असमानतेवर आपटून काही प्रकाश वाट सोडून भलत्या दिशेला जातो आणि कायमचा गमावला जातो. पहिल्यात काळ बिघडतो, दुसऱ्यात प्रकाश कमी होतो. उपायही वेगवेगळे. मराठी शालेय पाठ्यपुस्तकांनी यांना दोन स्वतंत्र शब्द दिलेले आहेत : लोलकातून रंग वेगळे होतात ते अपस्करण आणि आकाश निळे दिसते ते विकिरण. वाचकाला हे दोन शब्द ठाऊक असले की अर्धे काम झाले. ‘विखुरणे’ दोन्हीकडे वापरले की ते अर्धे कामही हातचे गेले.

इथे आपली, म्हणजे बृहन्महाराष्ट्राची, खास अडचण येते. इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलांनी विज्ञान शिकलेले असते हिंदीत. हिंदीत ‘विकिरण’ म्हणजे किरणोत्सर्गासारख्या प्रकारांना लावायचा शब्द, ज्याला मराठीत आपण ‘प्रारण’ म्हणतो. तेव्हा ‘काचेत प्रकाशाचे विकिरण होते’ हे निर्दोष मराठी वाक्य माझा विद्यार्थी ‘काच किरणे बाहेर टाकते’ असे वाचतो. दोन्ही शब्द संस्कृत, दोन्ही देवनागरीत, दिसायला तंतोतंत सारखे. इंग्रजी शब्दाने इतका दगा दिला नसता. मराठीत विकिरणाला ‘प्रकीर्णन’ हाही पर्याय आहे आणि हिंदीतही त्याचा अर्थ तोच आहे. महाराष्ट्रातील पाठ्यपुस्तकांनी काही वापरले तरी, हिंदी प्रदेशात लिहिणाऱ्याने ‘प्रकीर्णन’ घ्यावा असे माझे मत आहे. परिभाषा एकच असावी हा आग्रह योग्यच, पण वाचक कुठे बसला आहे हे विसरून धरलेला आग्रह कशाला?

काचेचा आणखी एक दोष उरतो. इतक्या प्रखर प्रकाशाने काचेचा अपवर्तनांकच बदलतो. मग प्रकाश स्वतःच्याच जोराने आकुंचित होऊ लागतो, नको ते नवे रंग उत्पन्न होतात. एक मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास, शक्ती सुमारे ४० लाख वॅटच्या वर गेली की काचेत झोत आपोआप एकवटत जाऊन काच फुटण्याची पाळी येते. आपला एक मायक्रोज्यूलचा स्पंद एक कोटी वॅटचा होता, हे आठवावे.

स्पंद आधीच उलटा ताणून, म्हणजे निळ्याला पुढे काढून, काचेत सोडता येतो. काच मग त्याला सरळ करते. काही मर्यादेपर्यंत हा उपाय चालतो. पण स्पंद सरळ होतो त्याच ठिकाणी शक्ती शिगेला पोहोचते आणि दुसरा दोष डोके वर काढतो. गंमत अशी की, काचेचा हाच अवगुण एका मोठ्या शोधाला उपयोगी पडला. १९८५ मध्ये रॉचेस्टर येथे डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी स्पंद मुद्दाम १.४ किलोमीटर काचतंतूतून नेऊन ताणला, ताणलेल्या अवस्थेत त्याची ऊर्जा वाढवली आणि मग तो पुन्हा दाबला. प्रखर लेसरांचा सारा पसारा त्यातून उभा राहिला, आणि त्यांना २०१८ चे नोबेल मिळाले.

पण प्रयोगशाळेच्या मेजावरून स्पंद शस्त्रवैद्याच्या हाताशी किंवा यंत्राच्या हलत्या बाहूशी न्यायचा असेल तर? आरशांवरून आरशांवर परावर्तित करीत नेता येतो, पण एक आरसा हलला की सगळे बिघडले. लवचीक दोरीसारखे काही हवे, आणि त्या दोरीत काच नको. म्हणजे तंतू पोकळ हवा. प्रकाश हवेतून किंवा निर्वातातून जावा.

नेमके हेच नेहमीच्या तंतूच्या तत्त्वाला मंजूर नाही. नेहमीच्या प्रकाशतंतूत मधला गाभा जास्त अपवर्तनांकाचा आणि भोवतीचे आवरण कमी अपवर्तनांकाचे असते. म्हणून पूर्ण आंतरिक परावर्तन होऊन प्रकाश आत राहतो. १९६६ मध्ये चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवून दिले की काच पुरेशी शुद्ध केली तर असा तंतू संदेशवहनाला वापरता येईल. त्यांनी ठेवलेले लक्ष्य किलोमीटरला २० डेसिबेल ऱ्हासाचे होते, म्हणजे किलोमीटरभर गेल्यावर शंभरातला एक भाग उरावा. (मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली तेही वर्ष १९६६.) आज चांगल्या काचतंतूचा ऱ्हास किलोमीटरला ०.१४ डेसिबेलच्या आसपास आहे. पण गाभ्यात हवा भरली की गणित उलटते : हवेचा अपवर्तनांक काचेहून कमी, त्यामुळे पूर्ण आंतरिक परावर्तन होऊच शकत नाही. पोकळ तंतूविषयी लिहिताना सवयीने ‘पूर्ण आंतरिक परावर्तन’ लिहिणारे लेखक मी पाहिले आहेत. ते वाक्य सुंदर असते आणि साफ खोटे असते.

साध्या काचेच्या नळीतून प्रकाश अगदीच जात नाही असे नाही. भिंतीला अतिशय तिरका स्पर्श करीत तो थोडाफार परावर्तित होत जातो. बेल प्रयोगशाळेतील मार्काटिली आणि श्मेल्टझर यांनी १९६४ मध्ये याचे गणित मांडले. नळी रुंद असेल आणि सरळ ताठ असेल तर काम भागते. वाकवली की प्रकाश गळतो. १९९६ मध्ये मिलान येथील संशोधकांनी अशा नळीत वायू भरून स्पंद आणखी छोटे करण्याची रीत काढली. २०२३ च्या नोबेलचा विषय असलेल्या अ‍ॅटोसेकंद स्पंदांपर्यंत जाणाऱ्या वाटेवर ही रीत आहे. पण ती नळी लवचीक दोरी नव्हे.

दोरी मिळाली ती इंग्लंडातील बाथ विद्यापीठात. फिलिप रसेल यांची कल्पना १९९१ ची, पोकळ तंतूतून प्रकाश नेल्याचे प्रसिद्ध झाले १९९९ मध्ये. पोकळीभोवतीच्या काचेत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नियमित छिद्रे ठेवली तर काही तरंगलांब्यांना त्या पोळ्यात प्रवेशच मिळत नाही. बाहेर जायला वाट नाही म्हणून त्या पोकळीत राहतात. पुढे त्याच विद्यापीठात दुसरी वीण आली, तिचे नाव कागोमे. हा जपानी शब्द टोपल्या विणणाऱ्यांचा. कागो म्हणजे टोपली, मे म्हणजे डोळे. आपल्याकडच्या बुरुडाच्या विरळ विणीच्या टोपलीत असे डोळे दिसतात. भौतिकशास्त्रज्ञांनी हा शब्द थेट कारागिरांकडून उचलला आणि कोणाला त्याची लाज वाटली नाही, याची नोंद आपल्या परिभाषाकारांनी घ्यावी.

येथे ‘गाभा’ या शब्दापाशी जरा थांबतो. मराठीत गाभा म्हणजे भरीव मगज : केळीचा गाभा, विषयाचा गाभा. ‘पोकळ गाभा’ हा त्यामुळे वदतोव्याघात होतो. त्याच कुळातला आपला दुसरा शब्द मात्र पोकळीचाच आहे : गाभारा. भोवती जाड भिंती, आत रिकामी जागा, आणि महत्त्वाचे जे काही ते त्या रिकाम्या जागेत. रचनेच्या दृष्टीने इतका चपखल शब्द मिळणार नाही. तरीही ‘गाभारा-तंतू’ मी सुचवणार नाही. गाभाऱ्यात प्रकाश सोडताना तंत्रज्ञाच्या मनात घंटा वाजू लागली तर काम होणार नाही. ‘पोकळ तंतू’ पुरे. गाभ्याचा उल्लेख गरज पडेल तेव्हाच.

आज स्पंद नेण्यासाठी सर्वांत उपयुक्त ठरलेला तंतू पोळ्याहून आणि टोपलीहूनही साधा आहे. मधे पोकळी, तिच्याभोवती पाच-सहा-सात बारीक काचनळ्यांचे कडे, नळ्या एकमेकींना न चिकटलेल्या, त्यांच्या भिंती मायक्रोमीटरच्या आसपास किंवा त्याहून पातळ. इतकी पातळ भिंत प्रकाशाला साबणाच्या फुग्यासारखी भेटते. तिच्या दोन पृष्ठभागांवरून परतलेले तरंग एकमेकांत मिसळतात. काही तरंगलांब्यांशी भिंतीचा सूर जुळतो. तो प्रकाश भिंतीतून आरपार निघून जातो. ज्यांच्याशी सूर जुळत नाही तो प्रकाश परत पोकळीत ढकलला जातो. भिंत अर्धा मायक्रोमीटर जाड असेल तर १.०५ मायक्रोमीटरचा प्रकाश गळतो आणि ०.८ च्या आसपासचा आत राहतो. सतारीच्या तरफेच्या तारा ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही : मुख्य तारेवर जो स्वर वाजतो त्याच्या जुळणीची तरफच बोलते, बाकीच्या गप्प राहतात. इथे गप्प राहणाऱ्या तरफांचे काम आहे.

या जुळणीला मराठी परिभाषेत अनुस्पंदन म्हणतात. आता लिहून पाहा : ‘स्पंद नेण्यासाठी अनुस्पंदन टाळावे.’ वाचकाला वाटणार, स्पंदामागून येणारा अनुस्पंद असे काही असेल. दोन्ही शब्द स्वतंत्रपणे योग्य आहेत, एका वाक्यात शेजारी बसले की एकमेकांना बिघडवतात. हिंदीतील ‘अनुनाद’ येथे मला अधिक सोयीचा वाटतो आणि तो मराठी कानाला परका नाही. नाद ध्वनीचा आणि इथे विषय प्रकाशाचा, असा आक्षेप येईल. पण सूर जुळणे हे सुद्धा ध्वनीचेच आहे आणि आपण ते माणसांच्या स्वभावांना लावतो.

या तंतूत प्रकाशाचा काचेशी संबंध नाममात्र उरतो, हजारात एक भागाहूनही कमी. हवेत प्रखर प्रकाशाने होणारा बदल काचेच्या तुलनेत सुमारे हजारपट क्षीण असतो. अपस्करण शून्य होत नाही. भिंतीचा सूर जुळणाऱ्या तरंगलांब्यांजवळ ते वाढतेही. पण मधल्या पट्ट्यात ते इतके कमी असते की स्पंद काही मीटर जाऊनही स्पंदच राहतो. लिमोज येथील गटाने २०१४ मध्ये कागोमे तंतूतून मिलिज्यूलभर ऊर्जेचे फेम्टोसेकंद स्पंद काही मीटर नेऊन दाखवले. नळ्यांच्या आत आणखी नळ्या बसवून साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी ऱ्हास कमी करत नेला. २०२५ मध्ये किलोमीटरला ०.१ डेसिबेलच्याही खाली आल्याचे प्रसिद्ध झाले. म्हणजे भरीव काचेचा विक्रम पोकळ तंतूने मोडला. दूरसंचाराच्या कंपन्यांचे लक्ष तिकडे गेले आहे, पण तो वेगळा विषय.

उपयोगाचे एकच उदाहरण सविस्तर देतो, कारण त्यात ‘वितरण’ या शब्दाचा निकाल लागतो. मेंदूतील पेशी जिवंतपणी पाहण्यासाठी द्वि-फोटॉन सूक्ष्मदर्शक वापरतात. पेशींत एक चमकणारे प्रथिन असते. दोन प्रकाशकण एकाच वेळी आदळले तरच ते चमकते. अशी गाठ पडण्यासाठी प्रकाश क्षणभर अत्यंत दाट असावा लागतो, म्हणजे फेम्टोसेकंद स्पंद हवा. पूर्वी त्यासाठी उंदराचे डोके मोठ्या यंत्राखाली पक्के बांधावे लागे, आणि बांधलेला उंदीर उंदरासारखा वागत नाही. २०१७ मध्ये पेकिंग विद्यापीठातील गटाने २.१५ ग्रॅमचा सूक्ष्मदर्शक मोकळ्या फिरणाऱ्या उंदराच्या डोक्यावर बसवला. ९२० नॅनोमीटरचे स्पंद त्याच्यापर्यंत आले पोकळ तंतूतून. चमकून परत आलेला प्रकाश दुसऱ्या मऊ तंतूंच्या जुडग्यातून मोजणीयंत्राकडे गेला. साध्या तंतूतूनही तेवढीच ऊर्जा तिथवर गेली असती. फक्त ती ताणलेली, पसरलेली पोहोचली असती, आणि पेशी अंधारातच राहिल्या असत्या.

वितरण म्हणजे वाटणे : प्रसादाचे, वर्तमानपत्रांचे, विजेचे. येथे कोणाला काही वाटायचे नाही. एक वस्तू निघाली तशीच्या तशी दुसऱ्या टोकाला जायला हवी. त्याला मराठीत साधे, घरगुती क्रियापद आहे : पोहोचवणे. ते घेतले की वाक्याचा कर्मणी फुगाराही आपोआप ओसरतो. नमुना-वाक्य आता असे होईल : ‘पोकळ तंतूत लेसरचा अतिलघु स्पंद बहुतांश हवेतून जातो, त्यामुळे अपस्करण फार कमी होते आणि स्पंद न ताणता दुसऱ्या टोकाला पोहोचवता येतो.’ वाक्य लांबले आहे, मान्य. पण त्यात कारण आले, परिणाम आला, आणि वाचक ते शेजाऱ्याला सांगू शकतो.

एका क्रियेला मात्र कोशात मला पटणारा शब्द नाही : लेसरचा झोत भिंगाने बारीक करून तंतूच्या तोंडात नेमका घालणे. कोशात ‘युग्मन’ मिळते, ज्यावरून विवाहाखेरीज काही सुचत नाही. पोकळी तीस-चाळीस मायक्रोमीटरची. झोत काही मायक्रोमीटर जरी सरकला तरी त्याची शक्ती त्या पातळ काचनळ्यांवर पडते आणि तंतूचे तोंड जळते. मग तेवढे टोक कापून पुन्हा सुरुवात. हे काम करणाऱ्या एका मराठी तंत्रज्ञाला मी विचारले, घरी आईला हे कसे सांगता? तो म्हणाला, ‘सुईत दोरा ओवतो, पण दोरा उजेडाचा असतो, असे सांगतो.’ तेव्हापासून वर्गात मी ‘प्रकाश तंतूत ओवणे’ असेच लिहायला सांगतो. कोशात यायला त्याला वेळ लागेल.